पाठ असलेला प्रोग्रॅम आकडे बदलले की का चुकतो? दुसरा मोठा आकडा, मसावि आणि बायनरी सर्च

प्रश्न : खानापूर तालुक्यातील विद्यार्थिनी

नमस्कार. मी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे आणि खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून रोज बेळगावला ये-जा करते. दहावीपर्यंत माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमात झाले. पीयूसीपासून (म्हणजे कर्नाटकातील अकरावी-बारावीपासून) पुस्तके इंग्रजी झाली, वर्गात सर इंग्रजीबरोबर कन्नडमध्येही समजावून सांगतात, आणि मनातला विचार मात्र मराठीतच चालतो. हे सांगण्याचे कारण असे की माझी अडचण भाषेची आहे की विचार करण्याच्या पद्धतीची, हेच मला अजून उमगलेले नाही.

लॅबच्या जर्नलमधील सर्वांत मोठा आकडा, मसावि, मूळ संख्या, बबल सॉर्ट, बायनरी सर्च यांपैकी कोणताही प्रोग्रॅम मी न पाहता लिहून दाखवू शकते. परंतु प्रश्न थोडासा बदलला की पहिली ओळही सुचत नाही, आणि सुचली तरी उत्तर कधी बरोबर येते, कधी चुकते, आणि ते का चुकले हे मला सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात सरांनी यादीतील दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा काढायला सांगितले. मी 'मोठा' आणि 'दुसरा' असे दोन चल घेतले आणि दोन्हींत शून्य ठेवले. मग प्रत्येक आकडा पाहत गेले: तो 'मोठा'पेक्षा जास्त असेल तर 'मोठा'मध्ये ठेवायचा, नाहीतर तो 'दुसरा'पेक्षा जास्त असेल तर 'दुसरा'मध्ये ठेवायचा. १२, ४५, ७८, ३४, ६० या यादीवर उत्तर ६० आले, ते बरोबर होते. सरांनी ३४, ६०, ७८ ही यादी दिली तेव्हा उत्तर शून्य आले. तोच प्रोग्रॅम एका यादीवर बरोबर आणि दुसरीवर चूक कसा असू शकतो?

दुसरी अडचण बायनरी सर्चची आहे, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत 'डावी' आणि 'उजवी' या दोन टोकांमधला आकडा पाहून दर वेळी निम्मी यादी सोडून देत शोधण्याची. पाठ केलेला प्रोग्रॅम न वापरता मी तो स्वतः लिहून पाहिला. ८, १५, २३, ३१, ४२, ५७ या यादीत ८ शोधला तर सापडतो, २३ सापडतो, परंतु ५७ शोधायला सांगितले की प्रोग्रॅम थांबतच नाही. मधला आकडा शोधायच्या आकड्यापेक्षा लहान असेल तर मी 'डावी = मध्य' करते आणि मोठा असेल तर 'उजवी = मध्य' करते.

मला तयार प्रोग्रॅम नको आहेत, ते माझ्याकडे आहेत. प्रश्न वाचल्यापासून पहिली ओळ लिहीपर्यंत डोक्यात नेमके काय चालले पाहिजे, आणि असे सराव कोणत्या क्रमाने करावेत, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे.


उत्तर १ : निवृत्त गणित शिक्षक, निपाणी

तुझा प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण तू उत्तर न मागता वाट विचारली आहेस. मी अनेक वर्षे मराठी शाळेत गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर नातवंडांच्या निमित्ताने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो, त्यामुळे तुझी अडचण मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. ती भाषेची नाही. उलट तू मराठीत विचार करतेस हीच तुझी जमेची बाजू आहे, फक्त तो विचार तू पूर्ण वाक्यात कागदावर उतरवत नाहीस.

तुझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये 'मोठा' आणि 'दुसरा' ही दोन नावे आहेत. या नावांचा अर्थ काय, तो एका पूर्ण वाक्यात लिही, आणि ते वाक्य असे हवे की फेरी पहिली असो, तिसरी असो वा शेवटची, प्रत्येक फेरीच्या अखेरीस ते खरेच ठरले पाहिजे. माझे वाक्य असे असेल: "आतापर्यंत पाहिलेल्या आकड्यांत 'मोठा' हा सर्वांत मोठा आहे, आणि त्याच्याहून लहान असलेल्यांत 'दुसरा' हा सर्वांत मोठा आहे." आता हे वाक्य हातात धरून ३४, ६०, ७८ ही यादी कागदावर चालव. ३४ आला, 'मोठा' ३४ झाला. ६० आला, 'मोठा' ६० झाला. इथे थांब आणि वाक्य पुन्हा वाच. पाहिलेले आकडे ३४ आणि ६०, त्यांत ६० पेक्षा लहान असा सर्वांत मोठा ३४, आणि तुझ्या 'दुसरा'मध्ये तर शून्य आहे. वाक्य मोडले. ते कोणत्या ओळीने मोडले हेही दिसते: नव्या मोठ्याला जागा देताना जुन्या मोठ्याला तू बाहेर घालवलेस, त्याला एक पायरी खाली उतरवले नाहीस. आधी "दुसरा = मोठा" आणि मग "मोठा = आकडा", असा क्रम हवा; उलट क्रम लावलास तर दोघांत एकच आकडा बसेल.

पहिल्या यादीवर उत्तर बरोबर का आले, हे त्याहून महत्त्वाचे आहे. १२, ४५, ७८, ३४, ६० मध्ये सर्वांत मोठा आकडा आधी येऊन गेला आणि दुसरा मोठा त्याच्यानंतर आला. तुझा प्रोग्रॅम तेवढ्याच परिस्थितीत चालतो. म्हणजे उत्तर योगायोगाने बरोबर आले होते.

त्याच वाक्याने आणखी दोन उणिवा उघड होतात. ५७, ५७, ४२ अशी यादी आली तर तुझ्या दुसऱ्या अटीमुळे 'दुसरा'मध्येही ५७ बसतो, परंतु वाक्य म्हणते "त्याच्याहून लहान", म्हणून अटीत "मोठा पेक्षा कमी आणि दुसरा पेक्षा जास्त" असे दोन्ही हवे. आणि सुरुवातीला शून्य ठेवले तर सगळे आकडे ऋण असलेल्या यादीत 'मोठा' शून्यच राहील, जो यादीत मुळी नाहीच. म्हणून 'मोठा'मध्ये यादीतला पहिला आकडा ठेवावा आणि 'दुसरा' अजून मिळालेला नाही अशी वेगळी खूण ठेवावी. सगळे आकडे सारखे असले तर ती खूण शेवटपर्यंत तशीच राहील आणि प्रोग्रॅम प्रामाणिकपणे सांगेल की दुसरा मोठा आकडा या यादीत नाही.

आता मसावि घे, कारण तो तुला पाठ आहे आणि तरीही तो तुझा झालेला नाही असे मला वाटते. शाळेत तू भागाकार पद्धतीने मसावि काढला असशील: मोठ्या संख्येला लहानीने भागायचे, जी बाकी उरेल तिने आधीच्या भाजकाला भागायचे, आणि बाकी शून्य आली की शेवटचा भाजक हा मसावि. ही पद्धत ग्रीक गणिती युक्लिडच्या ग्रंथात आहे, म्हणजे ती इसवी सनापूर्वी सुमारे ३०० पासून लिखित स्वरूपात आहे, आणि तुझ्या जर्नलमधला प्रोग्रॅम म्हणजे तीच. २५२ आणि १०५ घे. २५२ ला १०५ ने भागले तर बाकी ४२, १०५ ला ४२ ने भागले तर बाकी २१, ४२ ला २१ ने भागले तर बाकी शून्य. तीन भागाकारांत उत्तर २१. हाच मसावि १०५ पासून एक-एक उतरत, दोन्हींना भाग जातो का हे तपासत काढला असता तर २१ पर्यंत पोचायला ८५ संख्या तपासाव्या लागल्या असत्या.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर घराच्या पडवीचा विचार कर. पडवी २५२ इंच लांब आणि १०५ इंच रुंद आहे, आणि एकही फरशी न कापता तीत चौरस फरश्या बसवायच्या आहेत. मोठ्यात मोठी फरशी किती इंचांची घेता येईल? १०५ इंचांचे दोन चौरस आखले की ४२ इंचांची पट्टी उरते. त्या पट्टीत ४२ इंचांचे दोन चौरस आखले की २१ इंच उरतात, आणि २१ चे दोन चौरस बसले की काहीच उरत नाही. म्हणून २१ इंचांची फरशी सगळीकडे बसते, एकूण ६० लागतात.

इथेही वाक्य लिही: "मूळ दोन संख्यांचा मसावि आणि आता हातात असलेल्या दोन संख्यांचा मसावि एकच आहे." ते खरे का राहते? कारण जी संख्या २५२ आणि १०५ या दोघांनाही भागते, ती २५२ मधून १०५ दोनदा वजा करून उरलेल्या ४२ लाही भागतेच, आणि उलट दिशेनेही हेच खरे आहे. एवढे पटले की प्रोग्रॅम पाठ करण्याची गरज उरत नाही.

मुले इथे एक ठरावीक चूक करतात, तीही सांगतो. ती "अ = ब" लिहितात आणि पुढच्या ओळीत "ब = अ ला ब ने भागून उरलेली बाकी" असे लिहितात. पहिल्या ओळीनंतर अ मध्ये १०५ आणि ब मध्येही १०५, म्हणून बाकी शून्य आणि उत्तर १०५. एका तांब्यात दूध आणि दुसऱ्यात ताक असेल आणि त्यांची अदलाबदल करायची असेल तर तिसरे भांडे लागते, तसे इथे बाकी आधी तिसऱ्या चलात काढून ठेवावी लागते.

माझा आग्रह एवढाच आहे की पहिले दोन महिने संगणकासमोर बसण्याआधी प्रत्येक सराव वहीत चालवावा. वहीवर प्रत्येक चलासाठी एक रकाना आखावा, प्रत्येक फेरीसाठी एक ओळ, आणि शेवटच्या रकान्यात "वाक्य खरे आहे का" असे लिहून होय किंवा नाही भरावे.


उत्तर २ : मूळचा शहापूर, बेळगावचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर अभियंता

सरांनी पाया घातला आहे, त्यावर मी बायनरी सर्चपुरते लिहितो.

तुमचा प्रोग्रॅम ५७ साठी कागदावर चालवू या. जागा शून्यापासून मोजल्या तर डावी ० आणि उजवी ५ आहे. मध्य २ येतो, तिथे २३ आहे, तो लहान, म्हणून डावी २. मध्य ३, तिथे ३१, डावी ३. मध्य ४, तिथे ४२, डावी ४. आता डावी ४ आणि उजवी ५. त्यांची बेरीज ९, निम्मे करून अपूर्णांक टाकला की मध्य पुन्हा ४. डावी पुन्हा ४. इथून पुढे कितीही फेऱ्या झाल्या तरी काहीही बदलत नाही. ८ शोधताना हा प्रसंग आला नाही, कारण अपूर्णांक टाकल्यामुळे मध्य नेहमी डावीकडे झुकतो आणि उजवी आपोआप खाली सरकत राहते. यादीत नसलेला १० शोधून पाहा, तिथेही प्रोग्रॅम अडकेल.

वाक्य असे: "शोधायचा आकडा यादीत असलाच, तर तो डावी आणि उजवी या दोन जागांच्या दरम्यान, त्या दोन्ही धरून, आहे." मध्यावरचा आकडा लहान निघाला, तर मध्याची जागा स्वतः बाद झाली आणि तिच्या डावीकडचे सगळे बाद झाले. म्हणून डावी मध्यावर न ठेवता मध्याच्या पुढच्या जागेवर ठेवायची. तसेच मोठा निघाला तर उजवी मध्याच्या अलीकडच्या जागेवर. तुमचे वाक्य तुमच्या प्रोग्रॅममध्येही खरेच होते, ते कुठेही मोडले नव्हते, आणि म्हणूनच इथे सरांच्या नियमाला एक जोड द्यावीशी वाटते: लूपसाठी, म्हणजे फेऱ्या पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागासाठी, दोन गोष्टी विचाराव्यात. प्रत्येक फेरीत काय खरे राहते, आणि प्रत्येक फेरीत काय कमी होते. दुरुस्तीनंतर डावी ते उजवी हे अंतर दर फेरीला किमान एकाने कमी होतेच, म्हणून प्रोग्रॅम थांबणारच. मसाविमध्ये बाकी दर फेरीला कमी होते, आणि ती शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून तोही थांबतो.

इतकी साधी गोष्ट चुकते याचे वाईट वाटून घेऊ नका. बायनरी सर्चची कल्पना १९४६ साली अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॉन मॉकली यांनी व्याख्यानात मांडली, परंतु यादीची लांबी कोणतीही असली तरी बिनचूक चालणारी कृती छापून यायला त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ गेला. त्यानंतरही २००६ साली सॉफ्टवेअर अभियंता जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले की जावा या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत मिळणाऱ्या तयार प्रोग्रॅमच्या संग्रहातील (लायब्ररीतील) बायनरी सर्चमध्ये कित्येक वर्षे एक दोष होता. तो दोष "डावी अधिक उजवी, भागिले दोन" या ओळीत होता. तिथे पूर्णांकाला ३२ बिटांची जागा असते आणि त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढीच संख्या मावते. यादी फार मोठी असली की दोन जागांची बेरीज त्यापलीकडे जाते आणि मध्य ऋण येतो. उपाय म्हणजे आधी अंतर काढायचे: डावी अधिक, उजवी वजा डावी याचे निम्मे. पायथनमध्ये ही अडचण येत नाही, सी आणि जावामध्ये येते.

या पद्धतीचा लाभ किती, हेही एकदा मोजून पाहा. दहा लाख नावांच्या क्रमवार यादीत एक नाव शोधायला जास्तीत जास्त २० वेळा पाहावे लागते, कारण दोनचा विसावा घात १०,४८,५७६ आहे. परंतु यादी आधी क्रमाने लावलेली हवी, आणि एकदाच शोधायचे असेल तर केवळ त्यासाठी यादी क्रमाने लावत बसण्यापेक्षा पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ पाहत जाणे स्वस्त पडते. परीक्षेच्या उत्तरात ही गोष्ट फार थोडे जण लिहितात.


उत्तर ३ : संगणक प्रयोगशाळा शिक्षिका, चिक्कोडी

क्रमाबद्दलचा प्रश्न राहिला आहे, म्हणून थोडक्यात. आधी एकाच संख्येवरचे सराव करावेत: अंकांची बेरीज, संख्या उलटी करणे, लीप वर्ष, मूळ संख्या. मग एका यादीवरून एकदाच जाणारे, म्हणजे बेरीज, सर्वांत मोठा, दुसरा मोठा, ठरावीक आकडा किती वेळा आला. त्यानंतर क्रम लावणे, मग बायनरी सर्च, आणि रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारी कृती, सर्वांत शेवटी.

निपाणीच्या सरांचा मान राखून मी एका बाबतीत वेगळे मत मांडते. दोन महिने फक्त वहीवर काम केल्यास मुलांचा धीर सुटतो, असा माझा प्रयोगशाळेतला अनुभव आहे. वही आणि संगणक दोन्ही पहिल्या दिवसापासून असावेत, मात्र प्रोग्रॅम चालवण्याआधी त्याचे उत्तर काय येईल हे वहीत लिहून ठेवावे. उत्तर वेगळे आले की मूल आपणहून ड्राय रन करते, म्हणजे प्रोग्रॅम ओळीने वहीत चालवून पाहते, त्याला सांगावे लागत नाही.

आणि तपासण्याची उदाहरणे स्वतः निवडायला शिकावे. लीप वर्षाचा प्रोग्रॅम २०२४ आणि २०२३ या दोनच सालांवर तपासला तर "चारने भाग जातो का" एवढी एकच अट लिहिलेलाही उत्तीर्ण होतो. १५८२ पासूनच्या ग्रेगोरियन पंचांगात शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो, म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हते आणि २००० होते. ही चार साले मिळून चारही वाटा तपासल्या जातात. मूळ संख्येच्या प्रोग्रॅमला १, २, ४९, ९१ आणि ९७ द्यावेत. भाजक त्या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच तपासले तरी पुरते, कारण दोन भाजकांचा गुणाकार ती संख्या असेल तर ते दोघे एकाच वेळी वर्गमुळाहून मोठे असू शकत नाहीत. परंतु "भाजकाचा वर्ग संख्येपेक्षा कमी किंवा तिच्याएवढा" याऐवजी नुसते "कमी" लिहिले की ४ , ९, २५, ४९ या सगळ्या मूळ संख्या ठरतात. ९१ मुलांना मूळ वाटते, ती ७ आणि १३ चा गुणाकार आहे. आणि १ ही मूळ संख्या नाही, हे निम्म्या जर्नलांत विसरलेले असते.

क्रम लावण्याच्या पद्धतींपैकी बबल सॉर्ट जर्नलमध्ये आहे म्हणून करावाच, पण समजण्यासाठी इन्सर्शन सॉर्ट आधी करावा. आम्ही शिक्षक उत्तरपत्रिका हजेरी क्रमांकाने लावतो तेव्हा तेच करतो: डाव्या हातातला गठ्ठा लागलेला असतो, नवी उत्तरपत्रिका घ्यायची आणि त्यात तिच्या जागी सरकवायची. सरांच्या पद्धतीने वाक्य: "डावीकडचा भाग आपसांत क्रमाने लागलेला आहे." दहा उत्तरपत्रिका आधीच क्रमाने असतील तर ९ तुलना पुरतात, पूर्ण उलट क्रमाने असतील तर ४५ लागतात, आणि हजार उलट असतील तर ४,९९,५००. हे तिन्ही आकडे मुलांनी स्वतः मोजक चल घालून काढावेत. ते पाहिल्यावर वेगवान पद्धती का शोधाव्या लागल्या हे सांगावे लागत नाही.


विद्यार्थिनी

सर, मॅडम आणि दादा, आपण एवढा वेळ दिलात त्याबद्दल मनापासून आभार. मी चार दिवस वहीत रकाने आखून सराव केला, बराचसा खानापूरहून येताना बसमध्येच. दुसरा मोठा आकडा आता ऋण आकड्यांसह बरोबर येतो आणि बायनरी सर्च ५७ आणि १० दोन्हींवर थांबतो. १ ला मूळ संख्या म्हणण्याची चूक माझ्याही जर्नलमध्ये होती.

मॅडमनी सांगितलेल्या क्रमात संख्या उलटी करण्याचा सराव झाल्यावर, उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखण्याचा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिला. इंग्रजी शब्दांवर तो चालला. मग मराठी शब्द दिले. "कडक" आणि "सरस" यांना त्याने होय म्हटले, परंतु "नवीन" या शब्दाला नाही म्हटले, आणि उलटा शब्द "नीवन" असा छापला. वाक्य लिहून पाहिले, ते प्रत्येक फेरीत खरे होते: "डावीकडून आणि उजवीकडून आतापर्यंत जुळवलेली अक्षरे सारखी आहेत." मग चूक कुठे आहे?


उत्तर ४ : शहापूरचा अभियंता

तुमचे वाक्य बरोबर आहे, फक्त त्यातील "अक्षर" या शब्दाचा तुमचा अर्थ आणि संगणकाचा अर्थ वेगवेगळा आहे. आपण "नवीन" मध्ये न, वी, न अशी तीन अक्षरे वाचतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या क्रमांकांनी लिपीतील चिन्हे साठवतो त्या पद्धतीत, मात्र व आणि दीर्घ वेलांटी ही दोन स्वतंत्र चिन्हे आहेत, म्हणून संगणकाला न, व, वेलांटी, न अशी चार चिन्हे दिसतात. ती उलटी केली की वेलांटी पहिल्या न च्या मागे येऊन बसते आणि "नीवन" तयार होते. "कडक" मध्ये मात्राच नाही, म्हणून तिथे दोन्ही अर्थ जुळले.

उपाय असा की उलटे करण्याआधी शब्दाचे आपल्या अर्थाने अक्षरांत तुकडे करायचे. एक-एक चिन्ह वाचत जा. ते मात्रा, अनुस्वार, विसर्ग किंवा पाय मोडण्याचे चिन्ह असेल, तर ते आधीच्याच अक्षराला जोडा. त्याच्या आधीचे चिन्ह पाय मोडण्याचे असेल, तर जोडाक्षर आहे, म्हणून तेही जोडा. नाहीतर नवे अक्षर सुरू करा. हा सराव जर्नलमधल्या कोणत्याही सरावाहून मोलाचा आहे, कारण तो इंग्रजी पुस्तकात सहसा सापडत नाही. तपासण्यासाठी मोकळ्या जागा काढून "ती होडी जाडी होती" आणि "रामाला भाला मारा" ही वाक्ये द्या. "चिमा काय कामाची" हे वाक्यही द्या, परंतु तिथे आधी ठरवा की चि आणि ची सारखी मानायची की नाही. ते संगणक ठरवू शकत नाही.

याच कारणाने बायनरी सर्चही मराठी शब्दांवर फसतो. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. म्हणून शब्दकोशाप्रमाणे जवळ, जहाज, जळ अशी यादी लावून त्यात "जळ" शोधला, तर मधल्या "जहाज"शी तुलना करताना संगणक "जळ" हा त्याच्याआधीचा समजतो, डावीकडे जातो, तिथे "जवळ" पाहून आणखी डावीकडे जातो आणि शब्द यादीत नाही असे सांगतो. यादी ज्या नियमाने लावली, त्याच नियमाने तुलना झाली पाहिजे.


विद्यार्थिनी

दादा, तुकडे करण्याचा प्रोग्रॅम काल लिहिला. पहिल्या प्रयत्नात "पुस्तक" चे पु आणि स्त एवढेच तुकडे आले, क गायब झाला. मी वाक्य असे लिहिले होते: "यादीतील अक्षरे ओळीने जोडली तर आतापर्यंत वाचलेला भाग जसाच्या तसा परत मिळतो." वहीत पहिल्याच फेरीनंतर शेवटच्या रकान्यात "नाही" लिहावे लागले, कारण प वाचून झाला होता आणि यादी रिकामीच होती; तो अजून माझ्या हातातल्या चलात होता. वाक्य "यादीतील अक्षरे आणि त्यांच्यापुढे हातातले अक्षर जोडले तर" असे दुरुस्त केले, तेव्हा ते प्रत्येक फेरीत खरे ठरले, आणि लूप संपल्यावर हातातले शेवटचे अक्षर यादीत टाकायचे राहिले आहे हेही लगेच दिसले. ती एक ओळ घातल्यावर "विद्यार्थी" चे वि, द्या, र्थी असे तीन तुकडे आले, आणि "नवीन" ला आता होय असे उत्तर मिळते. "ती होडी जाडी होती" यालाही होय. चि आणि ची मी वेगवेगळी ठेवली आहेत, म्हणून "चिमा काय कामाची" ला प्रोग्रॅम नाही म्हणतो.